वॉटरप्रूफ पेटी आणि जगभर पाणी

4×5 इंचाच्या फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा एकवेळ खांद्यावर नेता येतो. जीव काढतं ते त्याच्यासोबतचं लटांबर. एका होल्डरमध्ये फिल्मच्या दोनच शीट मावतात, म्हणजे 16 फोटोंसाठी 8 होल्डर. वर लेन्स बसवायची पाटी म्हणजे लेन्सबोर्ड, फोकस तपासायचं भिंग म्हणजे लूप, हात न लावता शटर दाबायची केबल रिलीज, डोक्यावर घ्यायचं काळं कापड. मी वर्षानुवर्षं हे सगळं जुन्या टॉवेलांत गुंडाळून नेत होतो. तेच चालू ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात सीताबर्डीवरच्या एका दुकानात काळी, कडक कवचाची पेटी दिसली. आत फोम, कडेला रबराची पट्टी, मुठीजवळ हवेचा दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह. स्टिकर एका परदेशी कंपनीचा. मी नाव वाचतोय एवढ्यात दुकानदाराने पेटी काउंटरवर आडवी ठेवली आणि झाकणावर अख्खा जग पाणी ओतलं. उघडून दाखवली, आत कोरडं ठाक. "पाहून घ्या भाऊ, काऊन घाबरता?" 14,000 वरून 11,500 वर सौदा ठरला. पक्कं बिल घेतलं तर टॅक्स वर लागेल म्हणाला, म्हणून कच्चं घेतलं. अर्धे पैसे रोख, अर्धे त्याने सांगितलेल्या कुणाच्या तरी नंबरवर. इथंच थांबायला हवं होतं, पण हातात पेटी आली होती.

जुलैत रामटेकला गेलो. ढगांसाठी तिथं जाणारा मी काही पहिला नाही. गडाच्या पायऱ्यांवर पाऊस आला, कॅमेरा कापडाखाली घेतला आणि पेटी तशीच पायरीवर उभी राहू दिली. वीसेक मिनिटं पायरीवरून पाणी वाहत होतं. पेटी उघडली तर खालचा फोम पिळता येईल इतका ओला. 5 होल्डरांत पाणी शिरलं होतं, 10 शीट गेल्या. त्यातल्या 6 वर त्याच सकाळी मंदिर टिपलं होतं.

रात्री खोलीत अंधार करून पेटीत टॉर्च पेटवून ठेवली आणि झाकण लावलं. कॅमेऱ्याच्या भात्याला, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधल्या घड्यांच्या नळीला, बारीक छिद्रं पडलीत का, हे मी दर दोन-तीन महिन्यांनी असंच पाहतो. पेटीसाठी ते सुचलं नव्हतं. बिजागरीच्या कोपऱ्यातून उजेडाची रेघ बाहेर आली. रबराच्या पट्टीची दोन टोकं तिथं जुळतच नव्हती. व्हॉल्व्ह चाकूने उचकटला, तर मागे भोकच नाही. नुसती चिकटवलेली गुंडी.

आता दुकानदाराची युक्ती कळली. पेटी आडवी असली की झाकणाची कड खाली वळलेली असते, वरून ओतलेलं पाणी बाहेरच निथळतं. पण मूठ वर धरून आपण पेटी ठेवतो तेव्हा ती बिजागरीच्याच बाजूवर उभी राहते.

परत गेलो तर म्हणाला, "तुम्ही झाकण बरोबर लावलं नसन." मग ते टोक चिकटवून देतो म्हणाला, फुकटात! ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि बिलावर काय लिहिलंय ते विचारलं. "बॅग 1 नग." ना कंपनी, ना वॉटरप्रूफ. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, ती अजून माझ्या हातात आहे, कागद नाही.

दिवाळीआधी पुन्हा पेटी शोधायला निघालो, या वेळी वर्तमानपत्र आणि एक वीट सोबत घेऊन. कागद आत घालायचा, पेटी बिजागरीवर उभी करून पाण्यात ठेवायची, वर वीट, अर्धा तास. पहिल्या दुकानदाराने हात जोडले. दुसऱ्याने मागच्या मोरीतून टब आणून दिला आणि चहा मागवला. कागद कोरडा निघाला. पैसे पूर्ण दिले, बिलावर मॉडेलचं नाव लिहून घेतलं.