डिफचे बुश घरी बदलायला घेतलेला पुलर किट, वापरून झाल्यावर लिहितोय

डिफ म्हणजे डिफरेन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी. ती ज्या रबरी गादीवर टांगलेली असते तो बुश, आणि तो ओढून काढायचा-बसवायचा संच म्हणजे पुलर किट. गाडी २०१० ची बीएमडब्ल्यू ३२०डी, ई९० बॉडी, सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यापासून मागून आवाज यायचा, ॲक्सिलरेटर सोडला की धप्प, परत दिला की धप्प, आणि डी वरून आर ला टाकली की सगळ्यात मोठा. अंगणातून गाडी मागे घेताना आई आतून विचारायची, "काय आपटलं रे?" पणजीत एका गॅरेजमध्ये दाखवली तर गाडीखाली न जाताच म्हणाले डिफ गेला, पूर्ण बदला. मला ते पटलं नाही, कारण गरगर आवाज नव्हता, ऑइल गळत नव्हतं, नुसता धक्का बसायचा. घरी गाडी वर घेतली, डिफ आणि सबफ्रेमच्या (डिफ ज्याला टांगलेला असतो ती गाडीखालची लोखंडी चौकट) मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून दाबलं तर अख्खा डिफ बोटभर हलला आणि बुशचं रबर कडेने फाटलेलं सरळ दिसलं. तुम्हीही आधी हे बघा, आणि त्यासोबत प्रॉपेलर शाफ्टची (पुढून डिफपर्यंत ताकद नेणारा दांडा) रबरी डिस्क, मधलं बेअरिंग आणि इंजिन माउंटिंग पण बघा, कारण तिथूनही असाच धप्प येतो आणि बुशचा खर्च फुकट जातो.

स्विफ्ट, बलेनो वाल्यांना हा प्रश्न नाहीच, मागे डिफच नाही. बोलेरोला डिफ आहे पण तो ॲक्सलच्या हाउसिंगमध्येच असतो. ज्यांच्या मागच्या चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात) आणि डिफ सबफ्रेमला रबराच्या बुशवर टांगलेला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आता किट. ऑनलाइन ३,८०० रुपयांना घेतला. त्यात वेगवेगळ्या मापाचे कप, वॉशर, एक आटे पाडलेला रॉड आणि नट. पद्धत साधी, एका बाजूला मोठा कप ज्यात जुना बुश येऊन बसेल, दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या कडीएवढा छोटा कप, मधून रॉड, आणि नट आवळत गेलं की बुश ओढला जातो. हातोडीने ठोकण्यापेक्षा हजार पटीने बरं, कारण ठोकून सबफ्रेममधलं बुशचं घर (बुश बसतो ते भोक) अंडाकृती झालं तर नवीन बुश कधीच घट्ट बसणार नाही.

कप चांगले निघाले, खरंच चांगले, कडा सरळ, वाकले नाहीत, पण रॉड मऊ. मी कामाला कांदोळीला जातो, गाडी दिवसभर समुद्राच्या वाऱ्यात उभी असते, त्यामुळे बुशची बाहेरची कडी सबफ्रेमला अशी धरून बसली होती की पहिल्याच बुशला नट अर्ध्यात अडकला आणि रॉडचे आटे सोलून निघाले. गाडी वर, डिफ खाली, भाचा घामाघूम, आणि रविवार. फार वाईट वाटलं.

सोमवारी डिचोलीतल्या आमच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी रॉड हातात घेऊन नुसता वळवून बघितला आणि म्हणाले, "बाबा, हा बांधकामाचा रॉड, ह्याच्यावर जोर नको काढू." त्यांनी १०.९ ग्रेडचा (जास्त मजबूत पोलादाचा) एम१६, म्हणजे १६ मिमी जाडीचा, रॉड दिला, लांब नट दिला आणि नटाखाली घालायला ५११०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग सुचवलं, ते म्हापशाला बेअरिंगच्या दुकानात मिळालं. हे बेअरिंग म्हणजे अख्ख्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू. नट वॉशरवर घासत फिरला तर तुमचा अर्धा जोर घासण्यातच जातो आणि आटे तापून धरतात, बेअरिंगवर तोच नट रिंग पान्याने फिरतो. एम१६ ला एका फेऱ्यात २ मिमीच सरकतं म्हणून धीर धरायचा, आणि आट्यांना ग्रीस भरपूर लावायचं.

जो बुश तरीही हलला नाही त्याचं रबर कडेने ड्रिल मारून मधला भाग काढला आणि मग हॅक्सॉचं पातं आत घालून बाहेरच्या कडीला एक चीर पाडली, हळूहळू, सबफ्रेमला न लागता, त्यानंतर किटने सहज ओढला. रबर जाळून काढणारे आहेत, मी नाही जाळलं, वर पेट्रोल-डिझेलची टाकी असताना ती रिस्क मला नको.

नवीन बुश मी लेमफोर्डर कंपनीचे रबराचेच घेतले. पॉली बुश (पॉलियुरेथेनचे) मिळतात, दोन तुकड्यात असल्यामुळे हाताने बसतात, पुलरची गरजच नाही बसवताना, पण ते कडक, डिफच्या गिअरचा आवाज केबिनमध्ये आणतात आणि मला आई-बाबांना घेऊन गाडी चालवायची असते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. रबरी बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, घर सँडपेपरने साफ केलं, साबणाचं पाणी लावलं (ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं) आणि ओढले. जुना काढायच्या आधी रबरातल्या पोकळ्या कुठल्या दिशेला आहेत ते पेंटने सबफ्रेमवर खूण करून ठेवा, बुश फिरवून बसला तर डिफला नको तिकडे ढिलाई मिळते. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर पण खूण करा, नाहीतर बॅलन्स बिघडून व्हायब्रेशन येईल. नट-बोल्ट नवीन घ्या आणि टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधला, अंदाजाने नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमच्या अंगणात चिरे आहेत, वरखाली, त्यावर जॅक स्टँडचा पाय रुततो किंवा कलंडतो. मी प्रत्येक स्टँडखाली १८ मिमीच्या प्लायवूडचा मोठा तुकडा घातला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय भाच्याला खाली जाऊ दिलं नाही. डिफ एकट्याने धरू नका, खाली ट्रॉली जॅक हवाच.

दोन रविवार आणि मधल्या दोन संध्याकाळी गेल्या. चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो, वळणावर ॲक्सिलरेटर सोडा-द्या, काहीच आवाज नाही. किटला कपांसाठी ४ स्टार, रॉडसाठी १. घ्यायचा असेल तर घ्या, पण रॉड, नट आणि बेअरिंग आधीच वेगळं आणून ठेवा, आणि जमल्यास मेमध्ये करा, जूनला पाऊस लागला की अंगणात गाडीखाली झोपता येत नाही.