पिकअपला मोठे ब्रेक लावले, नागपूरच्या वाडीतल्या गॅरेजचा अनुभव (4 स्टार)

माझा जुना पिकअप, काटोलहून संत्री भरून कळमन्याच्या बाजारात निघालं की ब्रेक मारताना पाय पार खाली जायचा न तरी गाडी थांबायला वेळ घ्यायची. शेवटी वाडीतल्या एका गॅरेजवाल्या भाऊकडे नेली, ते म्हणे मोठ्या एसयूव्हीची डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) न कॅलिपर (पॅड दाबून ती चकती पकडणारा भाग) बसवून देतो. डिस्कचा घेर वाढला की पॅड मधल्या भागापासून लांब पकडतो म्हणून तेवढ्याच दाबात चाक जास्त जोरात धरतं, न जाड डिस्क उतारावर लवकर तापत नाही. पटलं.

पण चाक चढवलं तर कॅलिपर 15 इंची रिमला घासलं ना बाप्पा! 16 इंची रिम न टायर घ्यावे लागले, हे आधी सांगायचं ना, याचाच एक स्टार कापला.

बाकी काम एक नंबर. कॅलिपर भंगारातलेच पण माझ्यासमोर खोलले, पिस्टनवर गंज नाही ते दाखवलं, सील नवीन टाकले. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं म्हणून मास्टर सिलिंडरही (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलतो तो) मोठा टाकला, नाहीतर पेडल खोलच जातं म्हणे. मागचे ड्रम ब्रेक मात्र तेच ठेवले, मागून ब्रेक जास्त झाला तर रिकाम्या गाडीचं चाक लॉक होऊन गाडी फिरते.

आता लोडमध्येही पेडल कडक लागतं. असा बदल चालतो का ते आरटीओत आधी विचारून घ्या. दोन दिवसांचे पाच झाले, चहा मात्र रोज पाजला.