स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर अंधारात चमकणारा रंग: दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर रात्रपाळी करतो. लाइट गेली की मागाखाली ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही. मूठ काळी, तेलकट, त्यावर सुताची लव चिकटलेली. मोबाइलचा टॉर्च आहे, पण एक हात त्यातच अडकतो. म्हणून दिवाळीच्या आधी मुठी रंगवल्या.

मधल्या मारुतीजवळच्या दुकानात 'रेडियमचा रंग' मागितला तर गाडीला लावायचं स्टिकर पुढे आलं. ते आपल्या कामाचं नाही, उजेड पडला तरच चमकतं. निऑन रंगाचंही तसंच. शेवटी ऑनलाइन मागवला. बाटलीवर स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट लिहिलंय का ते बघा. झिंक सल्फाइडवाला स्वस्त असतो, पण लवकर विझतो. स्ट्रॉन्शियमवाला १९९०च्या दशकात जपानमधून पुढे आला, त्यात थोडं युरोपियम आणि डिस्प्रोशियम असतं. रंग हिरवाच घ्या, डोळ्याला तोच ठळक दिसतो.

खरं काम रंगाच्या आधीचं. मुठीवरचं तेल साबणाने धुवायचं, मग बारीक पॉलिश पेपरने घासून चमक घालवायची, स्पिरिटने पुसायचं आणि प्लॅस्टिकचा प्रायमर लावायचा. त्यावर पांढरा हात द्यायचाच, कारण काळ्या मुठीवर हा रंग निम्मासुद्धा उठत नाही. पांढरा वाळला की चमकणाऱ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात. भुकटी तळाला बसते, त्यामुळे दर हाताआधी ढवळा. ब्रश कोरडा हवा, ही भुकटी पाण्याने खराब होते. वरून क्लिअर लॅकर.

कडक प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरवर रंग धरला. कटरची मूठ मात्र मेणचट पॉलिप्रोपिलीनची, तिच्यावरचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा सुटला. तसल्या मुठीच्या नादी लागू नका.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत सगळं झकास होतं. उन्हाळ्यात पारा ४३च्या वर गेला, तळहाताला घाम, त्यात तेल, आणि लॅकर चिकट व्हायला लागलं. आमच्याकडे हात आणि हत्यारं रॉकेलने पुसायची सवय, तिने उरलंसुरलं उडवलं. पकड असते तिथला रंग आता जवळजवळ गेलाय. मुठीच्या बुडाला आणि खाचांमध्ये मात्र शाबूत आहे. अंधारात तेवढा हिरवा ठिपका दिसला तरी हत्यार सापडतं. पुन्हा रंगवताना बुडालाच रंगवणार, अख्खी मूठ नाही.

चमक किती टिकते, हे सगळे विचारतात. पहिली काही मिनिटं झगझगीत, मग पटकन उतरते, पण डोळे अंधाराला सरावले की काही तास अंधूक दिसत राहते. त्यासाठी आधी उजेड खायला हवा. एलईडी ट्यूबखाली खिळ्याला अडकवलेला स्क्रू ड्रायव्हर कामाला येतो, पेटीत बंद ठेवलेला रात्री बाहेर काढला तर काळाच. पिवळ्या बल्बवर फारसा भरत नाही, उन्हात मिनिटांत भरतो. बाहेरगावी कामाला जाणारे, हत्यारं पिशवीत कोंबणारे लोक असतील तर पैसे घालू नका.

इलेक्ट्रिशियन मंडळींनी टेस्टर आणि १००० व्होल्टच्या इन्सुलेटेड पकडीला हा रंग लावू नये. रंगातल्या थिनरने इन्सुलेशन खराब होऊ शकतं, आणि रंगाखाली तडा गेला तर दिसणारही नाही. माझ्या पेटीत त्या दोन्ही अजून कोऱ्याच आहेत.

बाटलीत उरलेला रंग मेन स्विचच्या कडेला, जिन्याच्या पहिल्या पायरीला आणि औषधाच्या पेटीवर पट्ट्या मारून संपवला. तिथे ना घाम ना रॉकेल. लाइट गेली की आधी त्याच दिसतात, आणि खरं सांगायचं तर मुठींपेक्षा तिथेच पैसे वसूल झाले.