हात धरल्यावर बोलणारा देखावा: ईएसपी३२, एलईडी पट्टी आणि डीएफप्लेयर मिनी कितपत कामाचे?

ऊसतोडीसाठी बीड, विजयपूरकडून चिकोडी, अथणी, रायबागला येणाऱ्या टोळ्या, खानापूर तालुक्यातून गोव्याला कामाला जाणारी पोरं, हिडकल धरणात गाव गेलेली कुटुंबं. स्थलांतर आपल्या सीमाभागात घरोघरचं आहे. त्यावर गणपतीत देखावा करायचा, तर पुतळे आणि लांबलचक निवेदनापेक्षा ही रचना कितीतरी बोलकी होते. भिंतीवर सात फूट अंतरावर दोन पितळी पत्रे लावायचे. एकट्याचे हात दोन्हीकडे पोचत नाहीत. एकाने इकडे, दुसऱ्याने तिकडे हात ठेवून मोकळे हात एकमेकांत धरले, की सर्किट पुरं होतं. मग पट्टीवरून उजेड सरकत जातो आणि एखाद्या तोडणी कामगाराचा आवाज ऐकू येतो. लहान पोरं असली तर तिघांची साखळी लागते.

यातला ईएसपी३२, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, डोळे झाकून घ्यावा. एक पत्रा १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला जोडायचा, दुसरा थेट ३४ नंबरच्या पिनला. त्या पिनपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. अंगातून जास्तीत जास्त ३३ मायक्रोअँपिअर करंट जातो, तो जाणवतही नाही. लांब वायर मेन्सची (मुख्य वीजलाइनची) ५० हर्ट्झची गुणगुण पकडते, म्हणून २० मिलिसेकंदांची सरासरी घेऊनच निर्णय घ्यावा. कोरड्या हातांनी जो आकडा येतो त्याच्या निम्म्यावर उंबरठा ठेवा, त्याच्या वर गेलं की हात धरले असं समजायचं. हे मंडपातच ठरवायचं, कारण पावसाळी हवेत हात दमट असतात आणि आकडे वर जातात. नव्या पितळेवर बहुतेक वेळा लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर असतो. पॉलिश पेपरने तो घासून काढला नाही, तर कितीही दाबलं तरी काही होत नाही. पत्र्यांमागे ओला प्लायवूड असेल तर उलटं होतं: कुणी हात न लावताच देखावा बोलू लागतो. मागे अ‍ॅक्रिलिकची शीट हवीच.

एका गोष्टीत तडजोड नको. लोक ज्या पत्र्याला हात लावणार, त्याच्या बोर्डाचा मेन्सशी कसलाही संबंध ठेवू नका. तो पॉवर बँकेवर चालवा आणि ईएसपी-नाऊने बिनवायरी संदेश पट्टी आणि आवाज चालवणाऱ्या दुसऱ्या ईएसपी३२ ला पाठवा. ३४ नंबरची पिन बोर्डातला बिनवायरी रेडिओ चालू असतानाही नीट वाचते. काही पॉवर बँका करंट कमी दिसला की आपोआप बंद पडतात, तेव्हा आधी रात्रभर चालवून बघा. मंडपाच्या मुख्य लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असावा.

डब्ल्यूएस२८१२बी ही प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येणारी पट्टी चांगली आहे, पण भूक मोठी. मीटरला ६० एलईडीची पाच मीटर पट्टी पूर्ण पांढरी लावली तर हिशोब १८ अँपिअरवर जातो. ब्राइटनेस २५५ पैकी ८० ठेवला तर सहाच्या आत भागतं, आणि अंधाऱ्या मंडपात तेवढा उजेड डोळ्यांना बराही वाटतो. दोन्ही टोकांना पॉवर द्या, नाहीतर शेवटाकडे पांढऱ्याचा पिवळा होतो. बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला ३.५ तरी लागतो. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप घातली की लुकलुक थांबते.

खरी अडचण आवाजाची. बहुतेक मंडळं लाइटिंगवर खर्च करतात आणि आवाजाला उरलेसुरले पैसे देतात. या देखाव्यात ते उलटं हवं. डीएफप्लेयर मिनी हा मेमरी कार्डावरच्या फाइल वाजवणारा छोटा मॉड्यूल स्वस्त आहे, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, पण एका वेळी एकच फाइल वाजवतो. मराठी आणि कन्नड असे दोन आवाज एकत्र हवेत तर दोन मॉड्यूल लागतील. त्यातला ३ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर ढोल-ताशा सुरू झाला की ऐकूच येत नाही. आवाज त्याच्या डीएसी पिनवरून (तिथे न वाढवलेला सिग्नल मिळतो) वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला द्या आणि स्पीकर कानाच्या उंचीवर, हात धरणाऱ्यांच्या अगदी जवळ लावा. बोर्डाचे संदेश घेणाऱ्या आरएक्स पिनवर १ किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर सतत खरखर येते. पट्टीच्याच पॉवर सप्लायवर जोडलं तर उजेड वाढताना मॉड्यूल रीसेट होऊन वाक्य मध्येच तुटतं, तेव्हा त्याला सप्लाय स्वतंत्र. फाइल नंबरने वाजवणार असाल तर कार्ड फॉरमॅट करून एकेक फाइल क्रमाने कॉपी करा. नंबर नावावरून नाही, कॉपीच्या क्रमावरून लागतो. गोव्याच्या पोराच्या जागी अथणीची बाई बोलू लागली तर कारण बहुधा हेच.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो, तोंडापासून वीतभर अंतरावर. टोळीचा मुकादम शेजारी उभा असेल तर माणूस मोकळं बोलत नाही, म्हणून त्याला सोडून बसा. आवाज देखाव्यात लावणार हे आधी सांगून होकार घ्या. नाव, गाव, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली हे फाइलमध्ये नको. गावी कोण राहिलं, सकाळी चूल किती वाजता पेटते, एवढंच विचारलं तरी पुष्कळ मिळतं. एक तुकडा २० ते २५ सेकंदांचा, आणि सुरुवातीची शांतता पूर्ण कापलेली. हात धरल्यावर आवाज यायला एखादा सेकंद लागला, तरी लोक हात सोडून पुढे जातात.