फॉर्म घेऊन जावं की नुसतं कट्ट्यावर बसावं?

समाजशास्त्राच्या किंवा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाची मुलं प्रबंधिकेचा विषय ठरला की एकच विचारतात : सर्व्हे करू की मुलाखती? दोन्हींच्या व्याख्या वर्गात झालेल्या असतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी एकाच गावात, एकाच प्रश्नावर दोन्ही केलं, म्हणून त्याबद्दलच सांगतो.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. प्रश्न असा : महापुरात लोक वेळेवर घर का सोडत नाहीत? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये माणसं शेवटपर्यंत घरात थांबली आणि मग त्यांना बोटीतून काढावं लागलं. असं का झालं, हे मला मनापासून कळून घ्यायचं होतं.

आधी सर्व्हे केला. गावात सव्वाचारशेच्या आसपास उंबरे. एवढ्या घरांमागे किती निवडायची, हे सांगणाऱ्या नमुन्याच्या तक्त्याप्रमाणे दोनशे घरं निघाली. फॉर्म चार पानी, कारणांचे पर्याय छापलेले : सूचना मिळाली नाही, वाहन नव्हतं, पाणी एवढं येईल असं वाटलं नाही, इतर. तीन आठवड्यांत काम संपलं. तक्ते सुंदर आले. जवळपास दोन तृतीयांश घरांनी पहिल्याच पर्यायावर खूण केली होती.

मला खटकलं ते तक्त्यात नव्हतं. कुठल्याही दारात क्लिपबोर्ड दिसला की पहिला प्रश्न यायचा, "कुठल्या ऑफिसातनं आलाय?" मी विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, याचा कुठल्याही मदतीशी संबंध नाही, हे प्रत्येक घरी दोनदा सांगत होतो. लोक मान हलवायचे आणि आत जाऊन रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन यायचे. एका आजोबांनी भिंतीची भेग दाखवली. "एवढं लिवून घ्या सायेब, गेल्या टायमाला आमचं नाव ऱ्हायलंय." छापील कागद म्हणजे पंचनामा, हे त्या गावाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की माझ्या खुलाशाने काही फरक पडत नव्हता. २००५, २०१९, २०२१. कागदावर नाव आलं त्याला अनुदान मिळालं, नाही आलं तो हात चोळत बसला, हे तीन पुरांत त्यांनी पाहिलंय. म्हणून कागदासमोर ते घराच्या हिताचं बोलतात. त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण मग "सूचना मिळाली नाही" या उत्तराचं करायचं काय? कारण फॉर्म मिटला, चहा आला, की तोच माणूस सांगायचा, ट्रॅक्टरवर स्पीकर लावून दोनदा फिरले होते गावातनं.

माझा कौल इथेच फिरला. बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची शिडी आपल्याकडे "हाय की" आणि "न्हाई बा" या दोनच पायऱ्यांवर येते, पण त्यावर तोडगा निघतो. कागदाच्या धाकावर आणि कागदाच्या आशेवर मला तरी निघाला नाही.

दुसऱ्या खेपेला मोकळ्या हाताने गेलो. सकाळी लोक घाईत असतात. संध्याकाळी डेअरीला दूध घालून बायामाणसं परतली की मग कट्टा भरतो. कोण आहे, कशासाठी विचारतोय, हे आधी सांगितलं. ते लपवून बसणं मला पटत नाही. मग एका काकूंना एवढंच म्हटलं, "काकू, त्या दिवशी सकाळपास्नं काय काय झालं ते सांगा की."

त्या जवळजवळ तासभर बोलल्या. "म्हशी कुठं बांधू, सांग? शाळंत माणसं घेत्यात, जनावरं न्हाईत घेत." घरात दोन दुभत्या म्हशी, घरखर्च त्यांच्यावर चालतो. म्हशींची सोय लागेपर्यंत मालक हलणार नाही आणि मालकाला टाकून काकू हलणार नाहीत. मग त्यांनी सोप्यातल्या खांबावरची रेघ दाखवली. "पाच सालाला पाणी हितवर हुतं." त्या रेघेच्या वर सामान टाकून घर निवांत बसलं आणि १९ साली पाणी रेघ ओलांडून गेलं. शेजारच्या वहिनींनी आणखी एक सांगितलं, तेही आवाज खाली आणून : छावणीत शे-दीडशे माणसं, संडासाला कडी नाही, वयात आलेल्या दोन पोरी घेऊन जायचं कसं? जनावरं, जुनी रेघ, पोरी. यातलं एकही कारण माझ्या चार पानांत छापलेलं नव्हतं. 'इतर'पुढची रेघ बहुतेकांनी कोरी सोडली होती.

मुलाखतीचा त्रास कमी नाही. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला माझा अख्खा दिवस जायचा. नवरा शेजारी येऊन बसला की बाईचं बोलणं थांबतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं की तोही एक प्रकारचा कागदच होतो, म्हणून मी परवानगी घेऊन थोडंच रेकॉर्ड केलं आणि बाकीचं एसटीची वाट बघताना वहीत लिहिलं. आणि अठरा माणसांशी बोलून गावाची टक्केवारी सांगता येत नाही. सरकारी टेबलावर मात्र "किती टक्के?" हेच आधी विचारतात.

आकड्यांचं मोल मी नाकारत नाही. काही प्रश्न आकड्यांशिवाय दिसतच नाहीत. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, तेव्हा राज्यात ९१३. कट्ट्यावर वर्षभर बसलो असतो तरी हे कुणी मला सांगितलं नसतं. तुमचा विषय असा असेल, तर मुलाखतींच्या मागे लागू नका.

पण विषय माणसाच्या निर्णयाचा, लाजेचा किंवा भीतीचा असेल तर गोष्ट वेगळी. विधवा प्रथेचंच घ्या. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाड गावच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. तुमच्या गावात असा ठराव झाला का, हे फॉर्मवर अर्ध्या मिनिटात कळेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या बाईला येतं का, आणि आलं तर ती जाते का, हे ती फॉर्मवर सांगेल असं मला वाटत नाही.

वेळ दोन महिन्यांचाच असेल आणि मार्गदर्शकांना तक्ते हवेच असतील, तर निदान पहिले दहा दिवस कागद न काढता गावात घालवा आणि फॉर्म त्यानंतर छापा. मी तो परत छापला तेव्हा पहिल्या पानावर पहिलाच प्रश्न टाकला : दावणीला जनावरं किती?