जास्वंदीच्या लालसाठी तीन ट्यूब: पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

जलरंगात लाल फूल रंगवणाऱ्याची पहिली अडचण कागदावर नव्हे, तर रंगाच्या दुकानात सुरू होते, कारण 'क्रिमसन', 'स्कार्लेट', 'व्हर्मिलियन' ही नावे वाचून ट्यूबमध्ये नेमके काय भरले आहे याचा पत्ता लागत नाही. तो लागतो ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या रंगद्रव्याच्या क्रमांकावरून. म्हणून हा अनुभव कोणत्याही कंपनीचा नसून तीन रंगद्रव्यांचा आहे: पायरोल लाल (पीआर २५४; पीआर म्हणजे 'पिगमेंट रेड'), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९; पीव्ही म्हणजे 'पिगमेंट व्हायोलेट') आणि अलिझारिन क्रिमसन (पीआर ८३). गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत हे तिन्ही रंग मी मुख्यतः अंगणातल्या जास्वंदीसाठी आणि अधूनमधून कर्दळीसाठी वापरले. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा आणि मध्यम खरखरीत पोताचा होता.

पायरोल लाल हा या तिघांतला खरा कामाचा रंग. मोटारींच्या रंगांतही वापरले जाणारे हे द्रव्य उन्हाला चांगले टिकते आणि त्याची छटा फार शेंदरीही नाही, फार गुलाबीही नाही. साध्या देशी जास्वंदीचा लाल याच्या अगदी जवळचा आहे. रंगाचा जोर इतका असतो की ५ मिलीची ट्यूबसुद्धा बरीच पुरते. मात्र तो कागदाला पक्का धरतो. एकदा वाळला की ओल्या ब्रशने किंवा टिश्यूने उचलून पुन्हा पांढरा कागद मिळवण्याची आशा धरू नये, आणि पाकळीवरचा उजेड सुरुवातीपासूनच राखून ठेवावा.

या रंगाशी जमवून घेताना एक गोष्ट पक्की झाली. लाल भडक दिसतो तो जास्त रंग लावल्याने नव्हे. जलरंगातला उजेड कागदाचा असतो. प्रकाश पातळ थरातून आत जाऊन पांढऱ्या कागदावरून परततो, तेव्हा रंग पेटतो. जाड थर लावला की ही वाट बंद होते आणि लाल जड, विटकरी वाटू लागतो. त्यामुळे मी उन्हाकडच्या पाकळ्यांवर आधी पारदर्शक पिवळ्याचा अगदी पातळ वॉश (पाणी घालून पसरवलेला थर) देतो, तो पूर्ण वाळू देतो आणि मग पायरोलचा पहिला थर लावतो. दुसरा थर फक्त पाकळीच्या मध्यापासून फुलाच्या गळ्याकडे, म्हणजे पाकळ्या एकत्र येतात तिकडे, ओढायचा. ओला असताना रंग जितका भडक वाटतो तितका तो वाळल्यावर राहत नाही, म्हणून पहिला थर मनाला पटतो त्यापेक्षा थोडा गडदच ठेवावा.

क्विनाक्रिडोन रोझ विकत घेताना मला तो चैनीचा वाटला होता. आता त्याच्याशिवाय जास्वंद पुरी होत नाही असे माझे मत आहे. पाकळीचा जो भाग आकाशाकडे वळलेला असतो त्यावर निळसर गुलाबी झाक येते, आणि ती पायरोलमध्ये कितीही पाणी घातले तरी येत नाही, कारण पातळ केलेला पायरोल किंचित पिवळसरच राहतो. तिथे हा रोझ नुसत्या पाण्यासारखा पातळ लावायचा. सावलीसाठी याच रोझमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळला की चुण्यांमधली थंड, जांभळट सावली मिळते. लालमध्ये काळा घालण्याची सवय शाळेपासून अनेकांना असते, पण त्याने सावली नव्हे, मळका तपकिरी मिळतो. गळ्याशी जो मरून रंगाचा, जवळजवळ काळा ठिपका असतो, त्यासाठी पायरोलमध्ये फ्थॅलो हिरव्याचा थेंबभर अंश पुरतो.

अलिझारिन क्रिमसनबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलेले अलिझारिन हे त्याचे मूळ. छटा खोल, देखणी, ओल्या कागदावर सुरेख पसरणारी. पण रंगाच्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवल्यावर पातळ वॉशचा उघडा भाग उन्हाळा संपण्याआधीच फिकट पडला, तर शेजारची पायरोलची पट्टी जशीच्या तशी राहिली. वहीतल्या सरावाला तो चालेल. भिंतीवर लावायच्या चित्रात नको. 'पर्मनंट अलिझारिन' असे लिहिलेल्या ट्यूबमध्ये बहुधा दुसरेच द्रव्य असते, तेव्हा क्रमांक पाहूनच घ्यावे.

कॅडमियम लालही थोडा वापरून पाहिला. तो अपारदर्शक आहे, पातळ पाकळीला शोभत नाही, आणि कॅडमियम विषारी असल्याने ब्रशचे टोक ओठांनी नीट करणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

रंगांइतकाच हवेचाही प्रश्न असतो. पावसाळ्यात थर वाळायला वेळ लागतो आणि वरून कोरडा वाटणारा कागद आतून ओलाच असतो. त्यावर दुसरा थर दिला की काठाला वेडेवाकडे डाग फुटतात. दमट हवेत उघडा राहिलेला कागद पुढे रंगही ठिकठिकाणी शोषून घेतो, म्हणून ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत.

फोटोवरून रंगवणाऱ्यांसाठी एक सूचना: मोबाइलचा कॅमेरा भडक लालपुढे हार मानतो. फोटोतली लाल रंगाची नोंद कमाल पातळीला जाते आणि शिरा, चुण्या सगळे एका सपाट डागात बुडते. उजेड कमी करून फोटो घ्यावा किंवा फूलच समोर ठेवावे. जास्वंद तोडून पाण्यात ठेवली नाही तरी संध्याकाळपर्यंत बहुतेक तशीच राहते. दिवेलागणीनंतर मात्र छटा ठरवू नयेत, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल काळवंडलेला आणि पाने उजळ दिसू लागतात.

कर्दळीसाठी पायरोल एकटा पुरला नाही. तिचा लाल शेंदरी अंगाचा असल्याने त्यात पारदर्शक पिवळा मिसळावा लागतो, आणि हे मिश्रण पॅलेटवर करण्यापेक्षा पिवळ्या वॉशवर लाल थर देऊन कागदावरच केले तर ते जास्त ताजे दिसते. मागच्या पानांचा हिरवा ट्यूबमधून थेट लावला तर फुलाशी भांडतो. त्यात चिमूटभर पायरोल टाकून तो शांत करून घ्यावा, आणि लाल पूर्ण वाळल्याशिवाय हिरवा त्याच्या काठापर्यंत नेऊ नये.