मालवणातली घरगुती खानावळ: सुरमई झकास, आणि काकींनी पोराला सांभाळलं ते त्याहून भारी

नाताळच्या सुट्टीत गेलेलो, म्हणजे मालवणात पाय ठेवायला जागा नसते तो आठवडा. जेटीवरून येताना एका घरगुती खानावळीत शिरलो, आत सहा टेबलं आणि बाहेर वीसेक माणसं ताटकळलेली. सुरमई थाळी घेतली, तुकडी चांगली जाड आणि रव्यात कुरकुरीत तळलेली, तिसऱ्यांचं सुकं तर परत मागून खाल्लं. सोलकढी मात्र पातळ होती, ते सांगायलाच हवं.

पण लिहायचंय ते वाढणाऱ्या पोराबद्दल. असेल विशीचा. शेजारच्या टेबलावर शाकाहारी बाईंच्या ताटात त्याने चुकून बांगड्याचं तिखलं वाढलं. त्यांचे मिस्टर जे भडकले, पोराचा हात एवढा थरथरायला लागला की वाटीतली कढी ताटाच्या काठावर सांडत होती. काकी आतून आल्या, हाताला वड्यांचं पीठ तसंच. आधी बाईंची माफी मागितली, ताट बदललं, आणि पोराला हळूच म्हणाल्या, "जा, आधी पाणी पी. हयसर मी बघतंय." बस एवढंच. पाचेक मिनिटांनी तो परत आला आणि मग प्रत्येक टेबलावर आधी व्हेज की नॉनव्हेज विचारूनच वाढत होता, आम्ही उठेपर्यंत एक चूक नाही.

आमच्या बँकेत भावनिक बुद्धिमत्तेवर ट्रेनिंग झालेलं. सॅलोवे आणि मेयर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली, की आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं. तेव्हा स्लाइडवर वाचून सोडून दिलेलं, इथे डोळ्यासमोर बघितलं. कारण गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका हॉटेलात मालक सगळ्यांसमोर पोरावर ओरडला होता, नंतर त्या पोराने आमची ऑर्डर दोनदा चुकवली. चुकवणारच ना, त्याचं सगळं लक्ष मालकाच्या तोंडाकडे, आम्ही काय सांगतोय ते कानात शिरणार कुठून!

जाणार असाल तर साडेबाराच्या आत पोचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नका. आणि पोरगा गर्दीत गडबडलेला दिसला तर ऑर्डर जरा सावकाश सांगा.